उठून गेलेल्यांचे रेडकर काका

आमच्या बिल्डिंगमध्ये एक बारसं झालं. सगळे बासुंदीचं कौतुक करत होते आणि रेडकर काका मात्र अर्धं ताट टाकून निघालेल्या एका पाहुण्याच्या मागे जिना उतरत होते. "तुम्ही का उठलात?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. बासुंदी खाली लागली होती, हे त्या दिवशी फक्त काकांना कळलं.

नाहूरला आमच्याच मजल्यावर काका एकटे राहतात. मूळ मालवणकडचे, नोकरी सगळी मुंबईत. 'उठून गेला त्याला विचार गो' हे त्यांचं पालुपद. दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडणाऱ्यालाही ते अडवून कारण विचारतात. आमच्या वाण्याने यासाठी त्यांच्यापुढे दोनदा हात जोडलेत.

सोसायटीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी मागच्या चाळीतल्या मुलांना फुकट गणित शिकवते. मुलं गळायला लागली, तेव्हा कमिटीने बजावलं, वर्गाचा उपयोग होतोय हे दाखवा, नाहीतर दिवाळीनंतर हॉल मिळणार नाही. मी हौसेने एक फॉर्म छापून आणला. वर्ग आवडतो का? खूप, बऱ्यापैकी, थोडा. सगळ्यांनी 'खूप'वर खूण केली. मी तरंगतच काकांकडे गेले.

काकांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. "नाही म्हणायला जागाच नाही ठेवलीस गो. आणि वाटलेस कोणाला? जे येतात त्यांनाच."

काका बरोबर बोलले की मला नेहमीच राग येतो. तेव्हाही आला. त्यांनी स्वतःचा फॉर्म केला, त्यात एकच प्रश्न: तू यायचं बंद केलंस तेव्हा काय झालं होतं? खाली नुसती मोकळी जागा. वर्ग सोडलेली मुलं नऊ, म्हणून फॉर्मही नऊ, वर नंबर घातलेले. दुखरा गुडघा घेऊन काका नऊ घरं फिरले आणि मुलं सांगतील ते शब्दशः लिहून घेतलं. चहा मात्र कुठेच घेतला नाही. चहा घेतला की मी पाहुणा झालो, म्हणाले, आणि पाहुण्याला कोण खरं सांगतो?

उत्तर साधं निघालं. चाळीत पाणी सहाला येतं आणि माझा वर्गही सहाला. मुलं हंडे भरत होती. वर्ग सातला नेला, तशी आठ मुलं परत आली. सानिका तेवढी आली नाही. कमिटीने हॉल राहू दिला.

काकांनी मला दिलेल्या गठ्ठ्यात चार नंबरचा फॉर्म नव्हता. विचारलं तर म्हणाले, शाई सांडली त्याच्यावर. काका पेन्सिलने लिहितात, हे मला तेव्हा आठवलं नाही. त्यानंतर ते रोज वर्गात येऊन बसू लागले. तपासलेले पेपर माझ्या हातातून काढून घ्यायचे आणि घडी घालून एकेकाच्या हातात द्यायचे. म्हातारा लुडबुड करतोय, असं मी घरी म्हणायचे.

गेल्या महिन्यात काका तापाने पडले. औषधाची चिठ्ठी शोधताना त्यांच्या खणात तो फॉर्म सापडला. चार नंबर, सानिका. काकांच्या अक्षरात, पेन्सिलने: 'बाईंनी माझे मार्क मोठ्याने वाचले. सगळे हसले. बाई पण.'

मला तो दिवस आठवतही नव्हता, याचीच जास्त लाज वाटली. कुणाच्या उत्तरातलं एक अक्षर न बदलणाऱ्या माणसाने अख्खा फॉर्म दडवला होता. का लपवलात, असं मी विचारलं.

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हे वाचून तू वर्ग सोडला असतास. ओळखतो मी तुला. मग आता संध्याकाळी मी कुठे गेलो असतो गो?"

मी त्यांना पेज करून दिली. दुसऱ्या दिवशी सानिकाच्या घरी गेले. तिच्या आईने चहा पुढे केला, तो मी बाजूला ठेवला. सानिकाला समोर बसवून आधी माफी मागितली, मग म्हटलं, अजून काय काय झालं होतं, सगळं सांग.

 ती एकदा बोलायला लागली ती चहा गार होईपर्यंत बोलत राहिली.