बावीस बटणांचा तंबू

तंबू विकत घ्यायचा नाही, घरीच शिवायचा, असं शिंप्याने ठरवलं तेव्हा त्याची बायको फक्त "बरं" म्हणाली. (लग्नाला सहा वर्षं झाली की या "बरं"चा अर्थ विचारावा लागत नाही.)

समुद्राकाठच्या रस्त्याने गाडी घेऊन जायचं आणि आवडेल तिथे तंबू ठोकायचा, हे त्याने तिला लग्नाच्या वर्षीच कबूल केलं होतं. पण दरवर्षी ऐन सुट्टीत कोणाचा तरी कोट आडवा यायचा. शेवटी बायकोने बजावलं, "या वेळी फसलं, तर यापुढची प्रत्येक सुट्टी माझ्या आईकडे!" आणि निकाल द्यायला आईलाच बरोबर घेतलं.

शिंपी इरेला पेटला. दुकानात उरलेलं रेघारेघांचं सुटाचं कापड जोडून त्याने तंबू शिवला. आत अस्तर, बाजूला दोन खिसे आणि दाराला वरपासून खालपर्यंत बावीस बटणं. काजं हाताने केलेली.

"टाय तेवढा राहिला," सासूबाई म्हणाल्या.

जुनी गाडी कुरकुरत निघाली. प्रत्येक वळणावर समुद्र नव्याने समोर यायचा आणि बायको खिडकीतून अर्धी बाहेर. दोन तास ती चक्क गप्प होती. शिंप्याला वाटलं, जिंकलो!

उन्हं कलताना तंबू उभा राहिला. दोघी आत शिरल्या आणि वारा सुटला. तंबू फुग्यासारखा फुगला.

"अहो, दार लावा! उडतोय हा!"

शिंप्याची बोटं सरावाची. भराभर बावीस बटणं लागली.

"वारा एकदम थांबला हो!" आतून बायको.

"मग! कारागिरी आहे ती," बाहेरून शिंपी.

"जावईबापू," सासूबाईंचा शांत आवाज आला, "आता तुम्ही आत कसे येणार?"

शिंप्याचा हात बाविसाव्या बटणावरच राहिला. जन्मभर त्याने सदरे आणि कोट शिवले. त्यांची बटणं बाहेरूनच लागतात. पण सदऱ्यातल्या माणसाचे हात बाहेर असतात आणि तंबूतल्या माणसाचे आत, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी... गाडीतच बरा," तो म्हणाला. "पाठीला बरं असतं." (गाडीची मागची सीट त्याच्यापेक्षा दीड हात आखूड होती.)

उजाडताच "अहो, सोडवा आम्हाला!" ऐकून तो वाकड्या मानेने धावला. बायको बाहेर आली. समोर सगळा समुद्र नुकताच उजळत होता. ती बघतच राहिली.

"फसलं ना?" त्याने हळूच विचारलं.

"समुद्र तुम्ही शिवलेला नाही ना? मग छान आहे," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. दोघांनी श्वास रोखला.

"पुढच्या वर्षीही तंबूच!" त्यांनी निकाल दिला. "तुम्ही माझ्याकडे येता, जावईबापू, तेव्हा तुमच्या घोरण्याने माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. आज कशी ढाराढूर झोपले!"

शिंपी हरखून गेला. "मग घरी गेल्यावर पहिलं काम! बटणं आतल्या बाजूला घेतो."

"खबरदार," मायलेकी एका सुरात ओरडल्या, "त्या बटणांना हात लावाल तर!"