शिमशोनकाकांची सुरी

सकाळी सव्वासहाला शेजारच्या स्वयंपाकघरातून "रिजेक्ट!" अशी आरोळी आली की मी मुकाट्याने कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहते. मिनिटभरात शिमशोनकाका काचेचा पेला घेऊन येतात. पेल्यात फोडलेलं अंडं आणि त्या अंड्यात, चष्मा लावून नीट बघितलं तर, मोहरीएवढा रक्ताचा ठिपका. "टीचर, तुमच्या मांजरीला," असं म्हणून ते पेला भिंतीवरून माझ्या हातात देतात आणि मी अंडं वाटीत ओतून पेला परत करेपर्यंत तिथून हलत नाहीत. माझी मांजर या घराच्या धर्मपालनावर चांगली गुबगुबीत झाली आहे.

शिमशोनकाका बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. मूळचे अलिबागकडचे. घरात मराठी बोलतात आणि देवाशी हिब्रू. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात नोकरी लागली म्हणून बोईसरला आले आणि शिफ्ट इन्चार्ज होऊन निवृत्त झाले. निवृत्त झाले ते कारखान्यातून. शिफ्ट अजून चालूच आहे, फक्त ती आता घरात चालते. घरात माणसं बारा: काका, सिपोराकाकू, दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं आणि काकांची विधवा बहीण. बाराजणांचं पोट, वर कोशरचे नियम आणि निवृत्तीनंतरचा पैसा, या तिन्हींचा मेळ घालणं हेच काकांचं आयुष्य.

कोशर म्हणजे त्यांच्या धर्माने खायला चालेल असं. ऐकायला सोपं वाटतं. मांस आणि दूध एका ताटात येता कामा नये, म्हणून भांड्यांचे दोन संच. कारखान्यात पाइपांना रंग देतात तसे काकांनी डाव-पळ्यांच्या दांड्यांना रंग दिले, मांसाला लाल आणि दुधाला निळा. धाकटी सून नवीन असताना तिने एकदा लाल डाव खिरीत बुडवला. काका ओरडले नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं आणि ठाण्याच्या हज्जानना फोन लावला. हज्जान म्हणजे त्यांचे धर्मकार्य करणारे गृहस्थ. ते काय बोलले कोण जाणे, पण सव्वा लिटर दुधाची खीर आमच्या घरी आली. त्या दिवशी मांजरीला दिली नाही.

अंडीवाल्याशी काकांचं भांडण तर कायमचंच. आठवड्याची पाच डझन अंडी, त्यातली तीन-चार बाद. ती बदलून द्या, हा काकांचा आग्रह. सालवडच्या नाक्यावरचा तो अंडीवाला कपाळाला हात लावून म्हणतो, "चाचा, मुर्गी से पूछ के लाऊँ क्या?" काका शांतपणे म्हणतात, "लॉट में फॉल्ट है तो सप्लायर की जिम्मेदारी." दर आठवड्याला हे होतं आणि दर आठवड्याला तो वैतागून एक अंडं जास्त टाकतो.

मासळीची तर परीक्षाच. ज्याला खवलं आणि पर आहेत तोच मासा चालतो. म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर जे जे स्वस्त, कोलंबी, जवळा, खेकडे, मोरी, ते ते सगळं त्यांना वर्ज्य. मासळीवाली हिराबाई टोपली उतरवते तेव्हा काका प्रत्येक पापलेटावर नख चालवून खवल्याची खात्री करून घेतात.

"ओ काका, नखलून नखलून मासली सोललीत तुमी! आता घ्यायला पायजे," हिराबाई म्हणते.

"घेतो ना. पण बोय का नाही आणलीस? ती परवडते."

"आज नाय गावली. तुमच्यासाटी दर्यात जाऊन खवलंवाली येगली काडू काय?"

हे सगळं गमतीचं होतं तोवर मीही हसत होते. गंमत संपली ती कोंबडीपाशी.

कोंबडी कापायची तर ती शिकलेल्या माणसानेच, ठरलेल्या सुरीने, ठरलेल्या रीतीने कापलेली हवी. पूर्वी पालघर-बोईसर भागात त्यांची आठ-दहा घरं होती. महिन्यातून एकदा ठाण्याहून हज्जान गाडी करून येत. गाडीभाडं आणि त्यांची दक्षिणा सगळ्यांत वाटली जाई. मग एकेक घर इस्राएलला गेलं, कोणी मुंबईला गेलं, आणि अखेर ते सगळं गाडीभाडं एकट्या काकांवर आलं. महिन्यातून एकदा येणारी कोंबडी पापलेटाहून महाग पडू लागली. त्यात हज्जाननी कळवलं की आपण आता थकलो, दोन महिन्यांत मुलीकडे इस्राएलला, अश्दोदला जाऊन राहणार. दुसरा कोणी एवढ्या लांब एका घरासाठी यायला तयार नव्हता.

धाकटा मुलगा रूबेन तडकला. तो पॅकिंगच्या कंपनीत बारा-बारा तास उभा राहणारा माणूस. अंगणात त्याचा आवाज मी भिंतीआड ऐकत होते. "पप्पा, नाक्यावर दुकान आहे. हलाल आहे, ताजी आहे, अर्ध्या किमतीत आहे. माझ्या पोरांनी काय आयुष्यभर दुधीच खायचा?"

"या स्वयंपाकघरात ती येणार नाही," काका म्हणाले.

"ठीक आहे. मग मी वरच्या मजल्यावर वेगळा गॅस घेतो."

नंतर कळलं, गॅसचा फॉर्म त्याने खरंच आणून ठेवला होता. सिपोराकाकू भिंतीपाशी येऊन माझ्याशी बोलताना पदर तोंडाला लावून रडल्या. एका घरात दोन चुली म्हणजे दोन घरंच झाली. ते त्यांनाही कळत होतं, मलाही, आणि काकांना तर सगळ्यांत जास्त.

काकांनी मुदत मागून घेतली. कोंबडी कापायचं आपणच शिकायचं, असं त्यांनी सव्वा वर्षापूर्वीच खर्च वाचवायला मनात घेतलं होतं. दर रविवारी ठाण्याला हज्जानकडे जाऊन ते नियम पाठ करत होते. हात बसवायचा सराव घरी, तोही तेव्हापासूनच. त्यासाठी काय वापरावं? दुधी. मानेसारखा निमुळता, कोवळा आणि बाजारात स्वस्त. रोज सकाळी ते परसात उभे राहून डाव्या हातात दुधी धरत आणि उजव्या हाताने सुरी फिरवत. एकदा पुढे, एकदा मागे. "थांबायचं नाही, दाबायचं नाही," असं स्वतःशी पुटपुटत. गळ्यावर टेकलेली सुरी क्षणभर जरी थांबली तरी पक्षी बाद, असा नियम आहे. त्या घरात त्या वर्षी दुधीची भाजी, दुधीची भजी, दुधीचं थालीपीठ आणि निळ्या डावाने ढवळलेला दुधीहलवा एवढा झाला की मुलं दुधी दिसला की घराबाहेर पळत. एकट्या काकांना त्याचं भलतंच कौतुक. "काय क्लीन कट आहे, बघा टीचर!"

सुरीला धार लावायची तर तासन्‌तास. लावून झाली की पातं नखावरून आणि बोटाच्या मांसावरून फिरवून बघायचं. केसाएवढा जरी दात लागला तरी सुरी बाद. माझं नखही त्यांनी एकदा पात्यावर ठेवायला लावलं. "कळतंय का? आरशासारखी आहे." मला कळलं होतं.

शेवटी गुरुवार ठरला. हज्जान शेवटचे येणार, काकांना पहिली कोंबडी कापताना डोळ्यांनी बघणार आणि परवानगी देणार. रूबेनने सुट्टी घेतली होती. तो एवढंच म्हणाला, "आज जमलं तर फॉर्म फाडून टाकतो. नाही जमलं तर संध्याकाळी भरतो." एवढं सरळ बोलणं त्या अंगणात त्याआधी कधी ऐकू आलं नव्हतं.

काकांनी आदल्या दिवशी पाड्यावरून सहा गावठी कोंबड्या आणल्या. बुधवारी संध्याकाळी मी त्यांना कोंबड्यांना तांदूळ टाकताना पाहिलं. घरात बाराजणांचे तांदूळ मापट्याने, वर बोट फिरवून, सपाट करून घेणारा हा माणूस, मूठभर तांदूळ टाकत होता, परत टाकत होता आणि मापटं कुठेच दिसत नव्हतं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

गुरुवारी दहा वाजता परसात सगळे जमले. खाली चाळलेली माती पसरली होती, कारण रक्त मातीतच पडलं पाहिजे आणि मातीनेच झाकलं पाहिजे. हज्जान खुर्चीवर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. मला सिपोराकाकूंनी बोलावून घेतलं होतं. त्या माझा हात सोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांचा हात गार होता.

काकांनी सुरी तपासली. हज्जाननी तपासली, मान हलवली. मोठ्या मुलाने पहिली कोंबडी आणून दिली, तांबडी, तुरा अजून पुरता न फुटलेली. काकांनी तिचे पंख डाव्या पंजात धरले, मान मागे घेतली, गळ्याची पिसं अंगठ्याने बाजूला केली. सगळं अगदी दुधीसारखं. मग आशीर्वचन म्हणायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

कोंबडी ओरडत नव्हती, फडफडतही नव्हती. नुसती पापणी मिटत-उघडत होती. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं शब्द विसरले असतील. हज्जाननी हळूच पहिला शब्द सांगितला. काकांनी मान हलवली, आणि तरी आवाज नाही. रूबेनने हाताची घडी घातली. काकूंच्या नखांचे वण माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होते.

"सुरीला दात आहे," काका म्हणाले.

त्यांनी सुरी खाली घेतली.

"दात आहे सुरीला. आत्ता लागला."

"आत्ता हज्जानकाकांनी बघितली की!" रूबेन म्हणाला. "सकाळपासून चारदा बघितलीत तुम्ही!"

आता हज्जान काय बोलतात याकडे सगळ्यांचे डोळे लागले. त्यांनी सुरी हातात घेऊन एकदा नख फिरवलं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. सगळ्या घरासमोर, सुनांसमोर. मला काकांच्या तोंडाकडे बघवेना. म्हातारे हज्जान काठीवर भार देऊन उठले आणि म्हणाले, "आपल्या सुरीबद्दल कापणाऱ्याचा शब्द शेवटचा. तुम्हाला दात लागला, म्हणजे ही सुरी आज चालायची नाही." त्यांनी स्वतःची सुरी पिशवीतून काढली. काकांनी कोंबडी मोठ्या मुलाच्या हातात दिली, आपली सुरी पेटीत ठेवून पेटी माझ्याकडे दिली आणि आत निघून गेले. रूबेन वर गेला. वरचं कपाट उघडल्याचा आवाज खाली ऐकू आला.

बाहेर हज्जानचं काम चालू झालं. सुरीची पेटी ठेवायला मी कोठीच्या खोलीकडे गेले. शिक्षकी पेशाची खोड, तपासल्याशिवाय राहवत नाही. वाटेत पेटी उघडून मी पात्यावर नख फिरवलं. टोकापासून मुठीपर्यंत, दोन्ही बाजूंनी. कुठे अडलं नाही.

कोठीत शिमशोनकाका तांदळाच्या पोत्यावर बसले होते. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, डाव्या पंजाला एक बारीक पीस चिकटलेलं. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि परत बसले.

"टीचर," ते म्हणाले, "ती गरम होती हो."

मी पेटी हातात घेऊन उभी राहिले.

"सव्वा वर्ष दुधी कापला. दुधी गार असतो. हिच्या पिसांत अंगठा घातला आणि… इथे, अंगठ्याखाली ठक ठक ठक. कारखान्यात माणसं भाजलेली उचलली आहेत मी या हातांनी. तेव्हा हात हलला नाही. आता घर मोडणार. माझ्यामुळे. एका कोंबडीमुळे."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. या माणसाला मी आजवर नुसतं हसत आले होते.

दारात रूबेन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या हातात गॅसचा फॉर्म होता, भरलेला की कोरा ते मला दिसलं नाही. त्याने फॉर्म खिशात घातला, माझ्या हातातली पेटी घेतली आणि सुरी काढली. उजेडाकडे वळून त्याने पात्यावर अंगठ्याचं नख फिरवलं. सावकाश, बापाने शिकवलं असावं तसं, एक बाजू, मग दुसरी. नख सरळ गेलं. ते मी पाहिलं, त्याने पाहिलं आणि पोत्यावर बसलेल्या माणसानेही पाहिलं.

"आहे दात," रूबेन म्हणाला. "इथे, टोकाजवळ."

काकांनी मान वर केली. "लागला तुला?"

"लागला ना." त्याने सुरी पेटीत ठेवून झाकण लावलं. "मासे पुरतील आपल्याला, पप्पा. शनिवारचा शब्बाथ सुटला की रविवारी सातपाटीला जाऊ, सकाळच्या लिलावाला. बोय मिळेल."

काकांनी पोत्यावर थोडं सरकून त्याला जागा केली.