तीन हाकांचे मामाजी

आमच्या बपेऱ्याच्या मामाजींना एका हाकेत उठवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले आणि म्हटलं, "मामाजी, चहा." माणूस ढिम्म. पुन्हा म्हटलं, तरी ढिम्म. मी पडले नागपूरची, तोंडाची तिखट. तिसऱ्यांदा अशी ओरडले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. तेव्हा मान वळवून शांतपणे म्हणाले, "हव, आण." रात्री मी ह्यांच्यावर उखडले, "तुमच्या मामाला ऐकू येत नाही, हे लग्नाआधी सांगायला काय झालं होतं?" हे पोट धरून हसले. मामाजींना म्हणे चार घरं पलीकडची कुजबूजही ऐकू येते.

"एका हाकेले भूत, दोन हाकेले चकवा, तीन हाकेले माणूस," हा मामाजींचा कायदा. भूत एकदाच हाक मारतं, रानात वाट चुकवणारा चकवा दोनदा, आणि तिसऱ्यांदा हाक मारायची चिकाटी फक्त माणसात असते. तिकडे हा नियम पुष्कळ जण पाळतात, पण अंधार पडल्यावर. मामाजी भर दुपारी, जेवणाच्या पाटावरही पाळायचे. एकदा मामी म्हणाल्या, "अजी, बैल सुटला." मामाजी भात कालवत राहिले. "अजी, बैल सुटला ना." मामाजींनी भातावर वरण ओतून घेतलं. तिसऱ्या हाकेपर्यंत बैल शेजाऱ्याच्या तुरीत. शेजारी तणतणत भांडायला आला, तर त्यालाही दारात तीन हाका माराव्या लागल्या. तोवर बिचाऱ्याचा अर्धा राग ओसरला होता.

आणीबाणी उठली, त्यानंतरच्या दिवाळीत आम्ही बपेऱ्याला गेलो. "सूनबाईनं जंगल पाह्यलं नाई. नागपुरात काय हाये, नुसत्या सायकली," असं म्हणून मामाजींनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पहिल्या एस.टी.त घातलं. मी, हे, सासूबाई, म्हणजे मामाजींची धाकटी बहीण, आणि मामी. चांदपूरच्या तलावामागे डोंगर सुरू झाला, तसं मामाजींनी आम्हाला रांगेत उभं केलं.

"जंगलात नात्यानं हाक चालत नाई. मामा, काका कोणीबी म्हणते, भूतबी म्हणते. नाव घेऊन हाक मारायची, तीनदा, एकाच माणसानं. त्याबिगर ओ द्यायची नाई."

मी मान हलवली. म्हटलं, म्हाताऱ्याची हौस.

पुढे दिवसभर मला धक्क्यावर धक्के. सागाचं रान संपलं की बांबूचं, ते संपलं की एकदम घळ, आणि तिच्या काठानं हातभर रुंद पायवाट. मी नागपूरच्या नव्या चपला घालून गेलेली, एक तिथेच तुटली. मोहाच्या झाडावर नखांचे उभे ओरखडे होते. मी विचारलं, हे काय? मामाजी म्हणाले, "अस्वल चढलं होतं." आणि ओरखड्यातला चीक बोटाला लावून पुढे, "ओलाच हाये अजून." मामी मात्र पदरातले फुटाणे खात चालल्या होत्या. त्यांना वाघ भेटला असता तरी त्यांनी त्यालाही चार दाणे दिले असते.

नाल्याकाठी शिदोरी सोडली, जेवलो. मामी म्हणाल्या, औंदा आवळ्याचं लोणचं टाकायचं राहिलं. झालं. "येतोच," म्हणून मामाजी पिशवी घेऊन घळीच्या कडेनं गेले.

तास झाला. दोन झाले. ऊन डोंगरामागे गेलं, शेवटची एस.टी. चुकायची वेळ आली. मामाजींचा पत्ता नाही.

आम्ही घळीच्या तोंडाशी जाऊन हाका मारायला लागलो. "मामाजी, मामाजी, मामाजी." सासूबाई, "भाऊ, भाऊ, भाऊ." खालून फक्त पाण्याचा आवाज. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "भाऊ ओ देणारच नाई. नावानं हाक पायजे."

"मग मारा ना नावानं."

"मी? मोठ्या भावाचं नाव घेऊ?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बी.एस्सी. झालेला माणूस. ह्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "बकारामजी मामाजी!" तीनदा.

"'जी' लावलं का ते ओ देत नाई," सासूबाई म्हणाल्या. "भूत मोठं अदबीनं बोलते म्हणतात."

मी कपाळावर हात मारला. खाली माणूस पडलाय, मेलाय की अस्वलानं नेलाय ठाऊक नाही, आणि इथे मानापमान चाललाय. आणखी एक धक्का म्हणजे, लग्नाला सहा वर्षं झाली तरी मामाजींचं नाव बकाराम आहे, हे मला तेव्हा कळलं. आता मीच ओरडते म्हणून पदर खोचला. तर मामींनी माझं मनगट धरलं.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं त्या मानत. लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं असेल, त्यानंतर पस्तीस वर्षं नाही. त्या कडेला गेल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"बकाराम."

आवाज फुटलाच नाही नीट. खाली शांत.

"बकाराम."

तरी शांत. मग त्या बाईनं छाती भरून घेतली आणि अशी हाक मारली की समोरच्या कड्यानं ती परत पाठवली.

"बकाराम!"

"ओ," आमच्या पायांखालून आवाज आला.

दहा हात खाली, कपारीत, पाय मुरगाळून मामाजी बसले होते. पिशवीभर आवळे मांडीवर. मगाचपासून सगळं ऐकत. मामी रडत रडत वरूनच त्यांच्यावर तुटून पडल्या, "आमचा जीव जाऊन राहिला होता, तुमाले ओ द्यायले काय झालं होतं?" मामाजी खाली बघून म्हणाले, "नियम हाये ना."

ह्यांनी त्यांना पाठीवर घेऊन वर काढलं. पुढे उतारावर मामी एका बाजूनं, मी दुसऱ्या. सुनेदेखत नवऱ्याचा हात खांद्यावर घेऊन मामी चालत होत्या, तेही मी पहिल्यांदाच पाहत होते. खाली रस्त्यावर मामी पाणी आणायला गेल्या, तसं मी मामाजींना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, तुमच्या भुताखेतांपायी त्या बाईचे काय हाल झाले, पाहिलंत?

ते सुजलेला पाय चोळत बोलायला लागले.

"माय गेली त्याले बावीस वर्षं झाले, सूनबाई. वरचे सारे गेले. आता मी कोणाचा मामा, कोणाचा भाऊ. नाव घेऊन हाक मारणारं कोणी उरलं नाई." मामी येताहेत का, म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं आणि आवाज आणखी बारीक केला. "पह्यल्याच हाकेले वळखलं होतं मी तिले. ओ तोंडात आली होती. पण दिली असती, तं पुढच्या दोन तिनं मारल्या नसत्या."