कोरड्या बेअरिंगची अंगाई

मुलाखतीचा फोन कुठल्याही क्षणी येणार होता आणि कोपऱ्यातला उभा पंखा खडखडत होता. सुनेचा जीव टांगणीला लागला. बाळ होण्याआधी ती कारखान्याच्या देखभाल विभागात होती. यंत्राला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, की आतलं बेअरिंग का कण्हतंय ते ती सांगायची. आता तसलीच नोकरी पुन्हा हवी होती, आणि घरचंच बेअरिंग बोंबलत होतं! मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी ऐकलं तर?

"आई, याला तेल देते. बेअरिंगमधल्या गोळ्यांभोवती तेलाचा थर बसला की लोखंडावर लोखंड घासत नाही. गप्प होईल."

"अगं, चालतोय तर चालू दे की," सासूबाई म्हणाल्या.

पण ऐकेल तर ती सून कसली! तिने प्लग काढला, पंखा उघडला, बेअरिंगमध्ये तेल सोडलं. पंखा असा फिरू लागला, की आहे की नाही तेच कळेना.

तोच पाळण्यातून भोकाड.

जन्मल्यापासून बाळ त्या खडखडाटातच झोपत आलं होतं. बाळाचा श्वास, ताप, ढेकर, सगळ्यावर तिची डोळ्यांत तेल घालून नजर. एवढंच तेवढं सुटलं होतं. तिने थोपटलं, खांद्यावर घेतलं. सासूबाईंनी डब्यात चमचा खडखडवला. बाळाने डब्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि सूर आणखी चढवला.

"घातलंस ना तेल? आता काढ!"

"काढू? आई, मी बेअरिंग वाचवायला शिकलेय!"

"मग याला झोपायला शिकव."

सुनेने देवाची क्षमा मागावी तसा चेहरा करून बेअरिंग रॉकेलने धुतलं, पुसून कोरडं ठणठणीत केलं आणि पंखा लावला. आता तर तो अंगात आल्यासारखा थरथरत फरशीवरून चालायलाच लागला. सासूबाईंनी स्टँडवर पाय रोवला. बाळाचे डोळे मिटले. फोन वाजला.

"मॅडम, मागे कसला आवाज येतोय?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या मागेही कुणीतरी रडत होतं.

"पंख्याचं बेअरिंग, सर," ती कुजबुजली. "कोरडं आहे."

"देखभालीची नोकरी मागताय, आणि घरचं बेअरिंग कोरडं?"

"मुद्दाम केलंय, सर. बाळ झोपत नव्हतं."

पलीकडचं रडणंसुद्धा थांबलं. गेली नोकरी! सासूबाईंनी भुवया उडवून 'काय झालं?' विचारलं. सुनेने नकारार्थी मान हलवली.

"मॅडम," साहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "फोन जरा पंख्याजवळ धरता? आज घरूनच काम करतोय. नात सकाळपासून छळतेय, ती आत्ता कुठे गप्प झाली."

पुढची मुलाखत दोन्हीकडून कुजबुजत झाली.

"बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त भरलं तर?"

"आतल्या आत घुसळतं, सर. बेअरिंग तापतं."

"आणि अजिबात नसलं तर?"

"ऐकताय ना, सर."

साहेबांना हसू दाबवेना. "छान. मग रुजू कधी हो–"

करर्र... कट्. बेअरिंग जाम झालं. पंखा थांबला. मग दोन्हीकडून एकदम भोकाड.

"नोकरी पक्की!" साहेब त्या गोंगाटातून ओरडले. "पण मॅडम, आधी तो पंखा दुरुस्त... नको, नको, दुरुस्त नको! नुसता चालू करा!"