आलेखातली पायरी

पडद्यावरच्या आलेखाकडे साहेबांनी अशा नजरेनं पाहिलं, की जणू कुणीतरी आपल्या नातवाची चित्रकला त्यांच्यापुढे धरली होती.

"मॅडम, तुम्ही या खुर्चीतून उठलासुद्धा नाहीत. मग जमिनीखालच्या काचेच्या तारेत प्रकाश कुठे कमी झाला, हे तुम्हाला कळलं कसं?"

"इथे पोचणाऱ्या सिग्नलवरून, साहेब. प्रकाशाचा जोर जिथे जास्त, तिथे काच त्याला जरा जास्त बिघडवते. जोर कमी, तर बिघाडही कमी. इथे आलेला बिघाड माझा प्रोग्राम उलगडत जातो आणि वाटेत कुठे किती जोर होता ते काढतो. ही पायरी बघा. इथे प्रकाश धपकन खाली आलाय."

"पुरावा काय?"

"खणलं की दिसेलच."

पलीकडच्या शहरातल्या रुग्णालयातून स्कॅनची चित्रं याच तारेतून इकडच्या डॉक्टरांकडे येत. हल्ली ती अर्धीच येत होती. निम्मं फुप्फुस बघून निदान काय करायचं, असा डॉक्टरांचा रोज फोन असे. साहेबांचा उपाय साधा होता: तार बंद ठेवायची आणि एकेक जोड उघडून बघायचा. तेवढे दिवस चित्रंही बंद.

"मला उद्याचा दिवस द्या," ती म्हणाली. ऑफिसात तिच्या माघारी तिला गोचीड म्हणत. एकदा एखादं काम धरलं की ती सोडत नसे.

"घ्या. मी दुपारी रजेवर आहे. नसते उद्योग करून ठेवू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं नकाशावर पायरीपर्यंतचं अंतर मोजलं आणि खणणाऱ्या टोळीला घेऊन ती थेट त्या जागी पोचली. ती जागा नेमकी एका दंतवैद्याच्या फाटकासमोर निघाली.

"मॅडम, इथंच ना? नक्की?" मुकादमानं विचारलं.

"गणित इथेच म्हणतंय."

केबल सापडली. स्वच्छ, गुळगुळीत, कुठे ओरखडासुद्धा नाही. "अजून थोडं पुढे," ती म्हणाली. थोडं पुढे काही नव्हतं. "मग थोडं मागे." थोडं मागे पाण्याचा पाइप होता. कुदळ लागली आणि मुकादमाच्या कमरेइतकं कारंजं उडालं.

दंतवैद्य मास्कसकट धावत बाहेर आले. "अहो, आत पेशंट तोंड उघडून बसलाय! नळाला थेंब नाही! त्यानं चूळ कशानं भरायची?"

त्यांच्या मागोमाग तो पेशंटही बाहेर आला. गळ्यात कागदी रुमाल, एक गाल बधिर, ओठ लोंबता. ते साहेब होते.

"अंद कआ!" साहेब ओरडले. "आधी अंद कआ!"

"काय म्हणतायत?" तिनं हळूच विचारलं.

मुकादमानं नीट कान दिला. "आनंद करा म्हणतायत, मॅडम."

साहेबांनी दोन्ही हातांनी खड्डा बुजवायची खूण केली, तेव्हा सगळ्यांना उलगडा झाला. मग एकच धांदल उडाली. कुणी पाइपला रबर गुंडाळलं, कुणी केबल खड्ड्यात कोंबली, वरून दगडमाती ढकलली. साहेब रिकाम्या नळाकडे परत गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे जे पाहिलं, त्याला शब्दांची गरज नव्हती.

ती पार चिखलानं माखली होती, पण मनातून हलली नव्हती. "गणित चुकलेलं नाही," ती मुकादमाला म्हणाली. "मी कुठेतरी चुकतेय."

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. त्या बहिणीकडून बसनं परत येत होत्या. "अगं, सामान जड आहे. पाचव्या थांब्यावर उतरते. न्यायला ये."

ती पाचव्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. एक बस गेली, दुसरी गेली. सासूबाईंचा पत्ता नाही. शेवटी तिनंच फोन लावला.

"आई, कुठे आहात?"

"पाचव्या थांब्यावर! पाय दुखायला लागले माझे!"

"मीपण पाचव्याच थांब्यावर उभी आहे. घरापासून पाचवा."

"घरापासून कशाला मोजतेस? बसले मी, प्रवास माझा. मी बसले तिथून पाचवा!"

ती फोन कानाला लावून थिजल्यासारखी उभी राहिली. प्रकाश पलीकडच्या शहरातून निघत होता. प्रोग्राम अंतर तिथून मोजत होता. आणि तिनं मात्र नकाशावर पट्टी ठेवली होती स्वतःच्या खुर्चीपासून.

"आई, तुम्ही प्रकाश आहात!"

"अगं, मला आधी रिक्षात तरी बसव!"

सकाळी ती मुकादमाला घेऊन योग्य टोकाकडून मोजत निघाली. यावेळी ती जागा एका पुलावर आली. कठड्याला बांधलेल्या केबलवर कुणीतरी भलामोठा फलक लोखंडी तारेनं करकचून आवळला होता. फलकावर लिहिलं होतं, 'हमखास घटवा!' खाली वजन हा शब्द जरा बारीक होता.

"यांनी खरंच घटवलं की," मुकादम म्हणाला आणि पक्कड घेऊन कामाला लागला.

ती मुकादमासह ऑफिसात परतली तेव्हा डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. चित्रं पूर्ण दिसत होती, दोन्ही फुप्फुसांसकट. साहेब पडद्यासमोर बसले होते. गाल सुजलेला, पण जीभ ताळ्यावर आलेली.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पण फलक काय, पुलावरून जाणाऱ्या कुणालाही दिसला असता. तुमचा प्रोग्राम जमिनीखालची जागा बिनचूक दाखवतो, याला पुरावा काय?"

तिनं नवा आलेख काढला. पुलाजवळची मोठी पायरी गेली होती. पण बरंच पुढे, इकडच्या टोकाजवळ, एक छोटीशी नवी पायरी उमटली होती. परवा ती तिथे नव्हती. तिनं अंतर मोजलं, पलीकडच्या टोकापासून. मग पुन्हा एकदा मोजलं. उत्तर तेच आलं.

मुकादमानं वाकून पाहिलं आणि खाकरला. "खड्ड्यात कोंबताना मुडपली असणार."

त्या पायरीला आलेखातली खरखर म्हणून झटकून टाकता आलं असतं. साहेबांना काही कळलं नसतं. ती ताठ उभी राहिली.

"पुरावा मागत होतात ना, साहेब? हा घ्या. ही दंतवैद्याच्या फाटकासमोरची जागा आहे. काल आपणच केबल मुडपली. म्हणजे मी. पुन्हा खणावं लागेल."

साहेबांनी त्या इवल्याशा पायरीकडे पाहिलं. मग सुजलेल्या गालावर हात ठेवून ते उठले.

"चला. मलाही तिथेच यायचंय. अर्धी दाढ राहिलीय."