माणसाचा रिकामा खण

जीवसंग्रहालयाच्या वार्षिक तपासणीत सर्व प्राणी जागच्या जागी आढळले. फक्त माणूस आढळला नाही.

ही बाब गंभीर होती. संग्रहालयाचा नियम असा, की ज्या प्राण्याला शास्त्राने नाव दिले, त्याचा एक अधिकृत नमुना खणात असलाच पाहिजे. त्या नमुन्याच्या पायाला लाल चिठ्ठी बांधलेली असते. उद्या एखाद्या घुबडाने आपण घुबड असल्याचा दावा केला, तर त्याला खणातल्या घुबडाशेजारी उभे करून पडताळायचे. जुळले तर घुबड. न जुळल्यास त्याने आपले दुसरीकडे पाहावे. मुंगीपासून हत्तीपर्यंत ही व्यवस्था चोख होती. माणसाच्या खणात मात्र एक कंगवा आणि कुणा कारकुनाचा जेवणाचा डबा निघाला. तपासनिसांनी शेरा मारला : 'सदर वस्तूंवरून मनुष्यप्राणी जवळपास वावरत असावा असा कयास बांधता येतो, परंतु त्याचे अस्तित्व नियमानुसार सिद्ध होत नाही. असिद्ध प्राण्यांना आजवर वेतन कोणत्या आधारे दिले गेले, याचा खुलासा व्हावा.'

वेतनाचा विषय निघाला की विज्ञानाला वेग येतो. संचालकांनी त्याच दिवशी माणूस शोधण्याचे काम भुंगेरे विभागाच्या प्रमुखाकडे सोपवले. या गृहस्थाने उमेदीची सर्व वर्षे एकाच काळ्या भुंगेऱ्याकडे पाहण्यात घालवली होती आणि पायांवरच्या केसांच्या लांबीवरून त्या एकाचे अकरा केले होते. कचेरीत त्याचा शब्द प्रमाण होता. घरी मात्र तो नुसता धाकटा होता. कारण घर त्याच्या आईचे, म्हणजे थोरल्या आईंचे होते. थोरल्या मुलाने वेळीच परगावी नोकरी धरली होती. ज्याला पळणे सुचले नाही, तो धाकटा.

थोरल्या आईंविषयी इतके सांगितले तरी पुरे, की गल्लीतली घड्याळे त्यांच्या चहाच्या वेळेवर लावली जात, आणि चहाला कधी उशीर झालाच तर घड्याळे मागे घेतली जात.

"आई," धाकटा चपला काढता काढता म्हणाला, "माणसाचा अधिकृत नमुना निवडायचाय. मी तुझं नाव सुचवलंय."

"मग आजवर कुणाला बघून माणसं ओळखत होते?"

"कुणालाच नाही."

"तरीच," थोरल्या आई म्हणाल्या, आणि देशाच्या पुष्कळशा दुरवस्थेचा त्यांना त्या क्षणी उलगडा झाला.

"फक्त एक अडचण आहे. नमुना म्हणजे... पद्धत अशी आहे की तो अर्कात बुडवून बाटलीत..."

"बाटलीत मी मावायची नाही. आणि मावलेच, तर वरून झाकण लावायची छाती आहे का तुमच्या संचालकांची?"

संचालकांनी विचारांती छाती नसल्याचे कळवले. नियमाला बाध येऊ नये म्हणून थोरल्या आईंचे राहते घरच संग्रहालयाचा खण म्हणून घोषित करण्यात आले. लाल चिठ्ठी पायाऐवजी मनगटाला बांधावी, एवढी सवलत त्यांनी मिळवली.

मग धाकट्याने मोजपट्टी घेऊन मनुष्यजातीचे अधिकृत वर्णन लिहायला घेतले. उंची चार फूट अकरा इंच. ("आहे तेवढीच लिही. बाकीचे उगाच वाढलेत.") डावा गुडघा दुखरा. दुपारच्या जेवणानंतर डुलकी. मात्र झोप लागली नव्हती असे ठाम प्रतिपादन. चहात साखर दोन चमचे.

"शेवटच्या शब्दाचं लिहिलंत का?" स्वयंपाकघरातून सूनबाईंनी विचारले.

"तू आपलं दुधाकडे बघ गं. लक्ष नसलं की उतू जातं."

"लक्ष आहे, आई. आजवर एकदाही उतू गेलेलं नाही."

"कारण मी इथून सांगते म्हणून."

"बरं बाई, तुमचंच खरं."

"ते आहेच," थोरल्या आई म्हणाल्या.

धाकट्याने निमूटपणे लिहिले : 'प्रमुख लक्षण – कोणत्याही वादात अखेरचा शब्द या प्राण्याचा असतो.' शास्त्रज्ञाला जे दिसते ते लिहिणे भाग असते, आणि हे तर त्याला जन्मापासून दिसत होते.

वर्णन राजपत्रात छापून आले आणि माणूस अखेर कायदेशीर झाला. कोण कोण माणूस, एवढेच पाहणे बाकी राहिले. धाकट्याने प्रामाणिकपणे सुरुवात स्वतःपासून केली. त्याची उंची जास्त भरली, गुडघे ठणठणीत निघाले, आणि अखेरचा शब्द त्याच्या वाट्याला आयुष्यात एकदाही आलेला नव्हता. तो माणूस नव्हता, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. त्याने स्वतःची वेगळी प्रजाती जाहीर केली आणि तिला स्वतःचेच नाव दिले. घरात हक्काने आपली म्हणावी अशी ती त्याची पहिली वस्तू होती.

सूनबाईंचे गुडघे तर धडधाकट होतेच. शिवाय त्या चहा बिनसाखरेचा घेत. त्यांची तिसरी प्रजाती झाली. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई रोज दुपारी थोरल्या आईंशी पत्ते खेळायला येत. त्यांचा गुडघा दुखत होता, पण उजवा. धाकट्याने त्यांना पुनःपुन्हा तपासले.

"बाई, आरशात पाहिलंत तर तुम्ही माणूस आहात," तो दिलगिरीने म्हणाला. "प्रत्यक्षात नाही."

"चाळीस वर्षं मुलांना शिकवलं रे मी!"

"मुलांचाही निकाल तसाच लागलाय, बाई."

यावर कुणी आरडाओरडा केला असेल, असा वाचकांचा समज असल्यास तो चुकीचा आहे. पहिल्या आठवड्यात जराशी कुरकुर झाली. मग प्रत्येकाच्या ध्यानात आले, की आपण माणूस नसलो तरी समोरच्याहून निराळे आहोत, आणि निराळे म्हणजे थोडे वरचे. उजव्या गुडघ्याची मंडळी निरोगी गुडघेवाल्यांकडे कीव करून पाहू लागली. दीड चमचा साखरवाले एक चमचावाल्यांच्या दारचे पाणी पिईनासे झाले. ज्यांची मूळ नमुन्याशी जवळीक साधण्याची हौस दांडगी होती, ते भर रस्त्यात डावा पाय ओढत चालू लागले. तरण्याताठ्या मुलींत ती चाल फारच शोभिवंत मानली जाई. हाडांचे डॉक्टर पूर्वी गुडघे बरे करत. आता ते दुखवून देत, आणि त्यांच्या दारी तोबा गर्दी असे.

संग्रहालयाचाही उत्कर्ष झाला. भुंगेऱ्याचे अकरा करणाऱ्या हाताला माणसांचे चारशे करणे जड नव्हते. दर नव्या प्रजातीमागे एक नवा खण, एक कपाट आणि कपाट उघडण्यास एक अधिकारी मंजूर झाला. बंद करण्यास दुसरा. टपाल कचेरीत चारशे खिडक्या झाल्या. तिकीट एकाच खिडकीत मिळे, पण उभे राहण्यास प्रत्येकाला आपापली रांग होती, आणि लोक समाधानी होते.

थोरल्या आईंना हे सारे यथायोग्यच वाटले. आपल्यासारखे दुसरे कुणी नाही, हे त्या लग्न होऊन आल्यापासून सांगत होत्या. सरकारला ते उशिरा कळले, इतकेच. त्या लाल चिठ्ठी बाहीवर दिसेल अशी ठेवून गॅलरीत बसत.

मात्र संग्रहालयाचा आणखी एक नियम होता. एका खणात दोन प्रजाती ठेवता येत नाहीत. भुंगेरे एकमेकांचे पाय तोडतात. घर हा खण होता. तेव्हा धाकट्याला कचेरीच्या वसतिगृहात खोली मिळाली, सूनबाईंना गल्लीपलीकडे, आणि नवरा-बायकोच्या प्रजातीही भिन्न असल्याने त्यांना एकमेकांकडे जाण्यासाठी प्रवासी परवाना लागू लागला. मास्तरीणबाईंचे पत्ते फाटकावरच जमा झाले.

"एकटी राहशील ना गं?" धाकट्याने निघताना विचारले.

"मी एकटी नाही. मी मनुष्यजात आहे," थोरल्या आई म्हणाल्या, आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या.

जगात एकच माणूस उरल्यामुळे माणूस ही प्रजाती अर्थातच दुर्मीळ ठरली. घराभोवती तारेचे कुंपण आले. शाळांच्या सहली येऊ लागल्या. फाटकावर पाटी लागली : 'खाद्य देऊ नये. वाद घालू नये.'

पहिल्या वाक्याचे थोरल्या आईंना काहीच वाटले नाही. दुसऱ्याने त्यांचा घात केला. त्या सकाळी गॅलरीतून म्हणत, "आज हवा बरी नाही." कुंपणापलीकडचे लोक अदबीने मान डोलावत. कुणी म्हणत नसे, की छे हो, चांगली तर आहे. त्या स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने म्हणत, "दूध उतू जाईल!" दूध आज्ञाधारकपणे उतू जाई. एके दिवशी त्यांनी किटलीशी वाद घालून पाहिला. किटलीने शिट्टी मारली, आणि अखेरचा शब्द किटलीचा झाला. थोरल्या आई त्या दिवशी चहा न घेताच बसून राहिल्या.

अशात वार्षिक तपासणी आली. तेच तपासनीस. त्यांनी उंची मोजली, गुडघा दाबला (थोरल्या आईंनी त्यांना आपल्या भाषेत उत्तर दिले), साखर चाखली. मग ते एका ओळीवर अडले.

"अखेरचा शब्द," ते म्हणाले. "हे लक्षण दिसत नाही."

"दिसायला समोर कुणीतरी पहिला शब्द काढावा लागतो. वाद घालू नये अशी पाटी कुणी लावली?"

"आम्हीच. पण त्यामुळे लक्षणाला सूट मिळत नाही. आपण आपल्याच वर्णनात बसत नसाल, तर आपण माणूस नाही. आपल्याला तळघरात, 'अवर्गीकृत' विभागात ठेवावं लागेल. तिथे सध्या एक दोन डोक्यांचं वासरू आहे."

"त्या दोघांत अखेरचा शब्द कुणाचा असतो?" थोरल्या आईंनी विचारले. तपासनिसांनी हा प्रश्नही नोंदवून घेतला. "वादच बघायचा असेल तर माझ्या सुनेला बोलवा. तिच्याएवढं उलट बोलणारं दुसरं कुणी मला मिळालेलं नाही."

परीक्षणापुरता परवाना काढून सूनबाईंना आणण्यात आले. त्या दारातच थांबल्या. तपासनिसांनी लेखणी उघडली.

"वाळलीस," थोरल्या आई म्हणाल्या. "तिकडे नीट खात नाहीस."

"खाते की. तुम्हीच उतरलात. आणि हे काय, दूध शेगडीभर सांडलंय?"

"माझं दूध, माझी शेगडी."

"आणि पुसायला?"

"मला काय हात नाहीत?"

"आहेत ना. पुसताना आजवर दिसले नाहीत, म्हणून विचारलं."

थोरल्या आईंच्या गालांवर कित्येक दिवसांनी रंग चढला. वाद दुधावरून साखरेवर गेला, साखरेवरून पडद्यांवर, आणि पडद्यांवरून सूनबाईंच्या आत्यापर्यंत पोचला. तपासनीस टेनिसचा सामना पाहावा तसे मान वळवत राहिले. कुंपणापाशी गर्दी जमली. मास्तरीणबाई उजव्या गुडघ्यावर हात ठेवून टाचा उंचावत होत्या; धाकटा तारेला नाक लावून उभा होता. अखेर सूनबाईंनी नेहमीप्रमाणे हात टेकले.

"बरं बाई," त्या म्हणाल्या, "तुमचंच खरं." आणि पदर सावरून दाराकडे वळल्या, कारण परवाना संपत आला होता.

आता फक्त थोरल्या आईंचे नेहमीचे दोन शब्द उरले होते. तपासनिसांची लेखणी कागदावर टेकली. थोरल्या आईंनी तोंड उघडले. ते दोन शब्द म्हटले, की लक्षण सिद्ध होणार होते, लाल चिठ्ठी राहणार होती, त्या जगातल्या एकमेव माणूस राहणार होत्या, आणि सून गल्लीपलीकडे जाणार होती. त्यांनी दाराकडे पाहिले. सून थांबली होती. इतक्या वर्षांच्या सवयीने ती त्या दोन शब्दांची वाट पाहत होती.

थोरल्या आईंनी तोंड मिटले.

"आई?" सूनबाई घाबरून परत फिरल्या. "बरं वाटत नाही का? अहो आई, बोला ना काहीतरी!"

थोरल्या आई छताकडे पाहत राहिल्या. त्यांच्या मानेवरची शीर ताडताड उडत होती. आयुष्यात एवढे कष्ट त्यांनी कधी उपसले नव्हते.

"अखेरचा शब्द सूनबाईंचा," तपासनिसांनी नोंदवले. "नमुना बाद."

त्यांनी लाल चिठ्ठी कापली आणि मग, कर्तव्यदक्ष असल्यामुळे, पुढचेही पाहिले. बाकीच्या चारशे प्रजातींची वर्णने 'थोरल्या आईंहून उंच', 'थोरल्या आईंहून गप्प' अशीच लिहिलेली होती. ज्यांच्याहून निराळे व्हायचे त्याच बाद झाल्यावर निराळे होण्यासारखे काही उरले नाही. सगळे एकाच ढिगात पडले. तपासनिसांनी ढिगापुढे 'किरकोळ' असे लिहिले आणि ते गेले.

कुंपणाचे फाटक लागते न लागते तोच थोरल्या आईंनी घशात अडवलेला श्वास सोडला.

"ते आहेच!" त्या गरजल्या. "आणि उभी काय राहिलीस? चहा टाक. साखर दोन चमचे."

"दीडच घालणार. डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्या गुडघेफोड्याला काय कळतंय?"

धाकटा पेटी घेऊन जिना चढला. मास्तरीणबाई आपले पत्ते फाटकावरून सोडवून घेऊन आल्या, आणि पहिल्याच डावात त्यांनी लबाडी केली. घर पुन्हा भरले.

माणसाचा खण अर्थात पुन्हा रिकामा झाला. नवा नमुना हवा अशी सूचना संग्रहालयाने दारावर लावताच रांग रस्त्याच्या टोकापर्यंत गेली. आपण माणूस आहोत याचा पुरावा एकानेही आणला नव्हता. पुढचा आणि मागचा कसा माणूस नाही, याची माहिती मात्र सर्वांना तोंडपाठ होती.

त्या रांगेत तुम्ही नव्हतात, हे मान्य. तुम्ही घरी बसून ही गोष्ट वाचत होतात, आणि थोरल्या आई म्हणजे आपल्यापैकी हुबेहूब कोण, धाकटा कोण, पाय ओढत चालणारे कोण, हे मनाशी ठरवून एकेकाला आपापल्या खणात टाकून केव्हाच मोकळे झाला होतात. स्वतःला तेवढे कुठल्याच खणात घातले नाहीत. हरकत नाही. माणसाचा खण अजून रिकामाच आहे आणि लाल चिठ्ठीही तयार आहे. फक्त पायाचे माप कळवावे.