पस्तीस की अठ्ठावीस?

गळ्यात कॅमेरा असला की निसारभाई उलटे चालत. समोरच्या माणसांकडे बघत, "सगळं मावत न्हाई, सगळं मावत न्हाई," असं पुटपुटत मागे मागे. असंच सरकत एकदा ते उसाच्या पाटात बसले. कॅमेऱ्याचा हात तेवढा वर होता.

देवळाली प्रवरा इथल्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेत मदतनीस होते; मी इतिहास शिकवी. बाहत्तरच्या जानेवारीत पुण्याच्या एका कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने त्यांना दोन जुन्या लेन्स आठ दिवस वापरून बघायला दिल्या. एक पस्तीस मिलिमीटरची, एक अठ्ठावीसची, दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या. एक ठेवायची, दुसरी परत.

"आकडा जेवढा बारीक, तेवढं जास्त मावतं सर. पर अठ्ठावीसची बया उजेड लई मागती."

ते आठ दिवस शाळेला स्वस्थता नव्हती. मी पानिपत शिकवत असताना दारातून डोकं आत आलं, "सर, पस्तीस का अठ्ठावीस?" वैतागून मी म्हणालो, "अठ्ठावीस!" चार-पाच पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

शिक्षकांचा फोटो दोन्ही लेन्सनी काढून झाला. पस्तीसच्या फोटोत कडेचे हेडमास्तर आलेच नाहीत. अठ्ठावीसच्या फोटोत आले, पण फणसासारखे रुंद.

"हेडमास्तर गायब बरे का जाड बरे?" निसारभाईंनी गंभीरपणे विचारलं. तेही खुद्द हेडमास्तरांना.

शेवटच्या दिवशी मीच वैतागलो. "पस्तीसची ठेवा आणि मोकळे व्हा! अहो, एवढं काय मावायचं राहिलंय तुमचं?"

त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "घरी येता का जरा?"

घर म्हणजे बोळासारखी एकच खोली. झुबेदाभाभी पाठीच्या दुखण्याने दीड वर्ष खाटेवर होत्या, हे मला ऐकून माहीत होतं. सोमवारी त्यांना ऑपरेशनला मिरजेला न्यायचं होतं, हे मात्र निसारभाई कुणाला बोलले नव्हते.

"जायच्या आधी हिचा एक फोटो काढावा म्हनलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तर ही म्हनती, एकटीचा नको. तुमी शेजारी बसा, तरच."

समोरची भिंत जेमतेम चार हातांवर. मागे सरकायला जागाच नव्हती. पस्तीसच्या लेन्समधून भाभी पूर्ण दिसत आणि निसारभाई अर्धे. अठ्ठावीसमधून दोघंही दिसत, पण त्या अंधाऱ्या खोलीत एक अख्खा सेकंद कुणी हलायचं नव्हतं.

त्यांनी ट्रंकेवर स्टूल, स्टुलावर कॅमेरा ठेवला, अठ्ठावीसची लेन्स चढवली आणि खटका मला दाखवला. केसांना पाणी लावून खाटेच्या कडेला बसले. पुन्हा उठले, खिडकीचा पडदा सारला, बसले. उठून कॅमेरा केसभर वळवला.

"आता बसताय का?" भाभी म्हणाल्या.

ते बसले. भाभींनी पदर डोक्यावर घेतला. मी श्वास धरून खटका दाबला.

"झालं," मी म्हणालो.

रीळ पुढे सरकवायला निसारभाई लगेच उठू लागले, तर भाभींनी त्यांची बाही धरली.

"ऱ्हाऊ द्या ते. बसा की जरा."

ते बसले. मी कॅमेऱ्याला हात न लावता बाहेर आलो आणि दार हलकेच ओढून घेतलं.